पाळीव उंदीर व त्याची सोबत

डोंगर पोखरून उंदीर काढला, ही म्हण मराठी वक्त्याच्या व लेखकाच्या तोंडीं नित्य असते. मोठे श्रम आणि क्षुल्लक फळ, एवढाच तिचा अर्थ घेण्याची आपली संवय आहे. रोमन कवि होरेस यानेंही डोंगर व उंदीर यांची जोडी याच अर्थानें योजिली. तेव्हां उंदराची ही अप्रतिष्ठा केवळ महाराष्ट्रांतली नव्हे, ती बरीच जुनी व दूरवर पसरलेली आहे. परंतु डोंगरांतून निघालेला तो उंदीर पुढें गेला कोठें, तो एकटाच होता कीं त्याच्यामागें त्याचें कुटुंब होतें, हा प्रश्न कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. प्रस्तुत निबंधाचा विषय बव्हंशीं हाच आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांतील सूरजागडचा डोंगर आज खरोखरच पोखरला जात आहे. मात्र तो उंदरासाठीं नव्हे, लोखंडासाठीं. तेथें २००७ सालीं खाणपट्टा देण्यांत आला आणि २०२१ पासून खनिज मोठ्या प्रमाणावर बाहेर निघूं लागलें. याच डोंगरावर माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचें स्थान असून दरवर्षीं जानेवारीच्या आरंभीं भोवतालच्या गांवांचे लोक तेथें यात्रेस जमतात. हा मुलूख पूर्वीं चांदा जिल्ह्यांत व अहेरीच्या जमीनदारींत मोडत असे. १९८२ सालीं त्या विस्तीर्ण जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. येथील माडिया मनुष्याचा उंदराशीं असलेला व्यवहार सरळ आहे. घरांतला उंदीर त्याच्या धान्याचा चोर, आणि शेतांतला उंदीर ही त्याची शिकार. हौसेखातर उंदीर पाळावा, ही कल्पना त्या अरण्यांत मुळींच रुजलेली नाहीं. आणि जेथें पोटापुरतें धान्य राखणें हेंच वर्षाचें मोठें काम, तेथें ती रुजावी तरी कशी?

आपल्या पांढरपेशा घरांतील व्यवहार इतका सरळ नाहीं. चतुर्थीस आपण गजाननापुढें मोदक ठेवितों व त्याच्या पायाशीं बसलेल्या मूषकासही हात जोडतों. त्याच रात्रीं माळ्यावरच्या सांपळ्यांत खोबऱ्याचा तुकडा लावावयास विसरत नाहीं. मुलांच्या गोष्टींत तो उंदीरमामा, आणि कोठींत सांपडला तर वैरी. या दोन नात्यांत अलीकडे तिसऱ्याची भर पडली आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईंत, पशुपक्ष्यांच्या दुकानीं लाल डोळ्यांचे पांढरे उंदीर विकत मिळतात, आणि एखादें मूल हट्ट धरून त्यांतला एक घरीं आणवितें. वडील मंडळी म्हणतात, एकच पुरे. दोन आणले तर चार महिन्यांत वीस होतील. मूल विचारतें, पण तो एकटा कसा राहील? आमच्या मतें हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. किंबहुना, मनुष्यानें उंदीर पाळण्यास आरंभ केल्यापासून जो विचार सर्वांत मागाहून सुचला, तोच त्या मुलाच्या मनांत सर्वांत आधीं येतो. हें कसें, हें कळण्यास मूषकपालनाचा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

मूषक या शब्दाचा संबंध मुष् म्हणजे चोरणें या धातूशीं लावितात. लॅटिनमधील व ग्रीकमधील मूस, फारशींतील मूश आणि जर्मनांतील माउस हे सारे याच शब्दाचे भाऊबंद. तेव्हां ही ओळख आर्यभाषांच्या फाटाफुटीपूर्वींची आहे. प्रत्यक्ष सहवास तर त्याहूनही फार जुना. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रदेशांत सुमारें १५,००० वर्षांपूर्वीं, शेती सुरू होण्याच्याही अगोदर, माणसें एका जागीं दीर्घकाळ वस्ती करूं लागतांच घरगुती उंदीर त्यांच्या झोपड्यांत शिरला, असें तेथील उत्खननांत सांपडलेल्या उंदरांच्या दाढांवरून संशोधकांनीं ठरविलें आहे. कुत्रा, गाय, घोडा यांस मनुष्यानें आपलेसें केलें. उंदरानें मात्र मनुष्यासच आपलासा केला. तो आला तो बोलावल्यावांचून, आणि आला तो सहकुटुंब. ही गोष्ट पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्यास मुद्दाम अन्न घालून बाळगण्याची पहिली उदाहरणें देवळांत आढळतात. आशिया मायनरच्या वायव्येस, ट्रॉयच्या परिसरांत, अपोलो स्मिंथियस म्हणजे मूषकांचा अपोलो या देवाचें मंदिर होतें. तेथें माणसाळलेले उंदीर सार्वजनिक खर्चानें पोसले जात आणि वेदीखालीं पांढऱ्या उंदरांची वस्ती असे, असें ईलियन या प्राचीन ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडे बिकानेरजवळच्या देशनोक येथील करणीमातेच्या मंदिरांत हजारों उंदीर आजही निर्भयपणें वावरतात. त्यांस तेथें काबा म्हणतात, आणि त्यांत एखादा पांढरा दृष्टीस पडला तर यात्रेकरू स्वतःस धन्य मानतो. जपानांतील दायकोकु या धनदेवतेचा सेवकही उंदीरच. आणि हा दायकोकु म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला आपला महाकाल होय, हें वाचकांस कौतुकाचें वाटेल. देवाच्या आश्रयास असलेला हा उंदीर कोठेंही एकटा नव्हता. त्याचें बीळ, त्याची जात, त्याची पिल्लें हीं सर्व त्याच्याभोवतीं होतीं. भक्तानें केवळ दाणे टाकिले. संसार त्याचा त्यानें केला. म्हणून सोबतीचा प्रश्न तेथें उद्भवलाच नाहीं.

तो उद्भवला देवळांतून दिवाणखान्यांत आल्यावर. इ. स. १७८७ मध्यें जपानांत 'चिंगान सोदातेगुसा' नांवाची एक लहान पुस्तिका छापली गेली. नानाविध रंगांचे उंदीर कसे जोपासावे व कोणाचा कोणाशीं संयोग केला असतां कोणत्या रंगाची प्रजा निपजते, हें तिच्यांत सांगितलें आहे. मेंडेलचा जन्म १८२२ चा. म्हणजे आनुवंशिकतेचे नियम शास्त्रज्ञांस ठाऊक होण्यापूर्वीं कितीतरी वर्षें जपानी हौशी लोक ते आपल्या परीनें वापरीत होते. तेथूनच पुढें काळेपांढरे ठिपके असलेले आणि अंतःकर्णाच्या दोषामुळें सारखे गिरक्या घेणारे 'नाचरे' उंदीर युरोपांत गेले. इंग्लंडांत वॉल्टर मॅक्सी या गृहस्थाच्या पुढाकारानें १८९५ सालीं राष्ट्रीय मूषकमंडळ स्थापन झालें. कान किती मोठे असावे, शेपटी किती लांब असावी, रंगाची झांक कशी असावी, याचे नियम ठरले, प्रदर्शनें भरूं लागलीं, बक्षिसें वांटलीं जाऊं लागलीं. या मॅक्सीच्या नांवाचा पिंजरा आजही तेथील प्रदर्शनांत वापरतात. तो बाहेरून हिरवा व आंतून तांबडा रंगविलेली एक आटोपशीर पेटी असून परीक्षकापुढें उंदीर तिच्यांत मांडला जातो. परीक्षकास पाहावयाचा असतो तो एकेक उंदीर. बक्षीस मिळतें तें एकास. कुळाची किंमत आहे ती वंशावळींत, सहवासांत नव्हे.

हौशी लोकांवर आम्ही निष्ठुरपणाचा आरोप करीत आहों, असा समज कोणी करून घेऊं नये. त्यांचे उंदीर प्रदर्शनाबाहेर बहुधा दोघेतिघे एकत्रच असत, आणि त्यांच्या निगेंत कसूर नसे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं रंग, कान, शेपटी यांविषयीं सूक्ष्म नियम करणाऱ्यांस सोबतीविषयीं नियम करण्याची गरज भासली नाहीं. याच सुमाराची एक गोष्ट बोलकी आहे. मुलांसाठीं चित्रमय कथा लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर यांनीं सांपळ्यांत धरलेले दोन उंदीर वांचवून पाळले आणि १९०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'दोन वाईट उंदीर' या अर्थाच्या नांवाच्या पुस्तकांत त्यांस अमर केलें. कथेंतील उंदीर नवराबायको आहेत, ते मिळून चोरी करतात व मिळून संसार थाटतात. शास्त्राच्या पुस्तकांत जें अजून आलें नव्हतें, तें बालवाङ्मयांत असें सहज आलें.

आपल्या प्राचीन वाङ्मयांतही याची एक खूण आहे. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्राचें नांव मित्रसंप्राप्ति, आणि त्याचा नायक हिरण्यक नांवाचा उंदीर. कपोतराज चित्रग्रीवाचें जाळें तो कुरतडतो. लघुपतनक कावळा, मंथरक कांसव आणि चित्रांग हरिण यांच्याशीं त्याची मैत्री जडते. आपली पूर्वकथा सांगतांना तो म्हणतो, कीं संन्याशाच्या मठांत असतां बिळाखालीं पुरलेलें द्रव्य खणून नेलें गेलें, त्यासरशीं त्याची उडी मारण्याची शक्ति गेली आणि अनुयायी त्यास सोडून गेले. ग्रंथकारास येथें द्रव्याचा महिमा गावयाचा आहे, हें उघड आहे. परंतु द्रव्य गेल्यावर हिरण्यकास पुन्हां उभारी आली ती दुसऱ्या ठेव्यानें नव्हे, मित्रांनीं; आणि ती कथा सांगण्यासाठीं कवीनें सिंह किंवा हत्ती न घेतां उंदीर निवडला, हें आम्हांस केवळ योगायोगाचें वाटत नाहीं.

इकडे विसाव्या शतकाच्या आरंभीं उंदराचें तिसरें पर्व सुरू झालें, तें प्रयोगशाळेचें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ग्रॅन्बी येथें अॅबी लॅथ्रॉप नांवाची एक निवृत्त शिक्षिका राहत असे. तिनें १९०० च्या सुमारास हौशी गिऱ्हाइकांसाठीं उंदरांची पैदास चालू केली. परंतु लवकरच हार्वर्डमधील संशोधक तिचे मुख्य ग्राहक झाले. तिच्याकडून नेलेल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून लिट्ल या शास्त्रज्ञानें १९२१ मध्यें जो वंश तयार केला, तो आज जगांतील प्रयोगशाळांत सर्वांत अधिक वापरला जाणारा काळा उंदीर होय. आपल्याकडील बहुतेक पांढरे उंदीर ज्या 'स्विस' कुळांतले, त्याचे मूळपुरुष म्हणजे १९२६ सालीं स्वित्झर्लंडांतून न्यू यॉर्कास नेलेले दोन नर आणि सात माद्या. दिवाणखान्यांतील शोभेचा प्राणी अशा रीतीनें एका पिढींत शास्त्राचें उपकरण बनला.

महाराष्ट्रांत या पर्वाची सुरुवात भीतींतून झाली. १८९६ सालीं मुंबईस प्लेग उद्भवला, आणि घरांत उंदीर पडूं लागले या चार शब्दांनीं कुटुंबेंच्या कुटुंबें बिऱ्हाड उचलून माळरानावर झोपड्या घालून राहूं लागलीं. डॉ. हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. दोन वर्षांनीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यांत गेली, आणि १९२५ सालीं तिला त्यांचें नांव देण्यांत आलें. उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हें सीमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें. त्यानें रोगी उंदीर एका मोठ्या बरणींत ठेवून त्याच बरणींत निरोगी उंदीर जाळीच्या लहान पिंजऱ्यांत टांगून ठेविला. दोघांची भेट नाहीं, स्पर्श नाहीं. तरी पिसवांनीं मधलें अंतर तोडलें. १९५२ सालीं पुण्यास विषाणुसंशोधन केंद्र निघालें, आणि १९५७ मध्यें शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांतून आलेल्या नव्या ज्वराचा विषाणु ओळखतांना उंदरांचीं दूधपितीं पिल्लेंच उपयोगी पडलीं. आपल्यापैकीं किती जणांचें आयुष्य या मुक्या जीवांच्या ऋणावर उभें आहे, याचा हिशेब कोणी मांडला तर चतुर्थीचा नमस्कार निष्कारण वाटणार नाहीं.

आणि सोबतीचें महत्त्व कळलें तेंही येथेंच, प्रयोगशाळेंत. दयेनें नव्हे, तर प्रयोगांचीं उत्तरें जुळेनात म्हणून. केवळ माद्यांचा समुदाय एकत्र ठेविला तर त्यांचें ऋतुचक्र बदलतें. नुकत्याच गर्भ राहिलेल्या मादीस परक्या नराचा नुसता वास आला तरी तो गर्भ पुष्कळदां टिकत नाहीं, हें हिल्डा ब्रूस यांनीं १९५९ सालीं दाखविलें. म्हणजे शेजारीं कोण आहे, ओळखीचा कीं अनोळखी, याचा परिणाम उंदराच्या शरीरावर होतो. २००५ सालीं असें आढळलें, कीं मादीचा गंध लागलेला नर जे ध्वनि काढतो त्यांत गाण्यासारखी रचना व पुनरावृत्ति असते. परंतु ते इतके उंच स्वराचे असतात कीं मनुष्याच्या कानास ते ऐकूंच येत नाहींत. पुढच्याच वर्षीं कॅनडांतील संशोधकांनीं दाखविलें, कीं वेदना भोगणारा उंदीर जवळ असलेला दुसरा उंदीरही तशाच वेदनेंत आहे असें पाहतो, तेव्हां त्याचें स्वतःचें दुखणें वाढतें. पण तो दुसरा उंदीर त्याच्याच पिंजऱ्यांतला सोबती असेल तरच. परक्यासाठीं तसें होत नाहीं. सहानुभूति हा मोठा शब्द आम्ही येथें घाईनें वापरूं इच्छीत नाहीं. पण ओळख हा शब्द टाळतां येणार नाहीं.

यांत भर घालणारी आणखी एक साधी गोष्ट आहे. उंदराचा देह इतका लहान कीं त्याची ऊब लवकर निघून जाते. मनुष्यास सुखावह वाटणारें वीसबावीस अंशांचें हवामान त्यास थंडीचें. त्यास खरें स्वास्थ्य वाटतें तें सुमारें तीस अंशांवर. ही उणीव तो दोन उपायांनीं भरून काढतो: चिंध्या, कागद, गवत यांचें घरटें करून, आणि भावंडांस चिकटून निजून. माद्या तर आपलीं पिल्लें एका घरट्यांत एकत्र करून आळीपाळीनें पाजतात. एकटा उंदीर म्हणजे पांघरुणावांचून निजणारा उंदीर. ही केवळ उपमा नव्हे, शरीरशास्त्र आहे.

तर मग उत्तर सोपें झालें, असें वाचक म्हणतील. दोन उंदीर आणावे म्हणजे झालें. येथें मात्र थांबलें पाहिजे. दोन प्रौढ, अनोळखी नर एका पिंजऱ्यांत टाकिले तर ते एकमेकांस बोंचकारून, चावून रक्तबंबाळ करतील. कधीं एकाचा जीवही जाईल. नराची वृत्ति आपलें राज्य राखण्याची. जन्मापासून एकत्र वाढलेले सख्खे भाऊ पुष्कळदां नीट नांदतात, पण तेही नेहमींच नव्हे, आणि एकदां दूर करून पुन्हां एकत्र आणले तर बहुधा नाहींतच. नरमादी एकत्र ठेवावीं, तर मादी सुमारें वीस दिवसांत वितें, वीण सहाआठ पिल्लांची असते, आणि पिल्लें होतांच तिला पुन्हां गर्भ राहूं शकतो. वडील मंडळींची वीस उंदरांची धास्ती या ठिकाणीं खरी ठरते. राहिल्या माद्या. एका विणींतल्या दोन किंवा तीन बहिणी एकत्र ठेविल्या तर भांडण नाहीं, प्रजा नाहीं, आणि एकटेपणाही नाहीं. हौशी लोकांचा अनुभव व शास्त्र हीं दोन्ही याच उत्तरापाशीं येऊन मिळतात.

उलट, प्रत्येक प्राण्यास सोबत हवीच, असा सिद्धांतही बांधतां कामा नये. आज पुष्कळ घरांत पाळला जाणारा सोनेरी हॅम्स्टर हा उंदराचाच दूरचा नातलग. १९३० सालीं सीरियांतील आलेप्पोजवळ आहरोनी नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें एक मादी व तिचीं पिल्लें बिळांतून खणून काढलीं. जगभर पाळले जाणारे बहुतेक सर्व सोनेरी हॅम्स्टर त्याच कुटुंबाचे वंशज होत. हा प्राणी मोठा झाल्यावर स्वजातीयाची जवळीक सोशीत नाहीं. दयेपोटीं कोणीं त्यास सोबती दिला तर ती दया त्याच्या मुळावर येते. तेव्हां सोबत ही आपल्या भावनेची बाब नसून त्या त्या जातीच्या स्वभावाची आहे. माणसासारखेंच सर्वांस वाटतें असें मानणें ही एक चूक, आणि माणसाखेरीज कोणासच कांहीं वाटत नाहीं असें मानणें ही दुसरी.

कित्येक घरांत असें उत्तर देतात, कीं आम्हीच त्याची सोबत. हें उत्तर प्रेमळ आहे, पण पोंचणारें नाहीं. उंदराचा दिवस म्हणजे आपली रात्र. आपण निजतों तेव्हां तो जागा होतो. त्याचे ध्वनि आपल्यास ऐकूं येत नाहींत, आणि ज्या गंधानें तो आपलीं माणसें ओळखतो तो गंध आपल्यास कळत नाहीं. दिवसांतून अर्धा तास तळहातावर खेळविणें हें त्यास सुखाचें होऊं शकेल. उरलेले साडेतेवीस तास त्याचेच असतात. त्याचें सारें आयुष्य अवघें दोन वर्षांचें, फार तर तीन. त्यांतलीं दोन वर्षें म्हणजे मुलाच्या दृष्टीनें दोन इयत्ता. उंदराच्या दृष्टीनें तें संपूर्ण आयुष्य.

कायद्यानें या विषयांत काय केलें, हेंही पाहण्यासारखें आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत उंदराचें नांव कावळा, घूस, वटवाघूळ यांच्या पंक्तीस उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचींत होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें ती अनुसूचीच गेली. १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येंत मात्र मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव प्राणी येतो, म्हणजे उंदीरही येतो. पिंजऱ्याची लांबी, रुंदी व उंची प्राण्यास हालचालीपुरती हवी, असें हा कायदा सांगतो. पिंजऱ्यांत आणखी कोण असावें, याविषयीं तें कलम बोलत नाहीं. युरोपीय संघानें २०१० च्या आपल्या निर्देशांत प्रयोगांतील समूहप्रिय प्राणी शक्यतों एकटे ठेवूं नयेत असा दंडक घातला, आणि स्वित्झर्लंडानें त्याआधीं, २००८ सालीं, घरगुती पाळीव प्राण्यांसही तो लागू केला. कायद्याची मोजपट्टी प्रथम लोखंडी गजांवर पडते. आंतल्या जिवावर ती पडावयास वेळ लागतो. प्रदर्शनाच्या पेटीपासून या कलमांपर्यंतचा इतिहास याच विलंबाचा आहे.

आतां सूरजागडच्या मुलुखांतलीच एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण पालन या शब्दाचा अर्थ तिच्यांत आम्हांस अधिक स्पष्ट दिसतो. त्याच अरण्यांत भामरागडजवळ हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तो आपला संसार मानला. २००८ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरंभींच्या दिवसांत शिकार करून परतणारे कांहीं माडिया त्यांस वाटेंत भेटले. मारलेली माकडीण काठीस बांधलेली होती आणि तिचें जिवंत पिल्लूं मेलेल्या आईच्या स्तनास चिकटून होतें. डॉक्टरांनीं धान्य देऊन तें पिल्लूं मागून घेतलें. पोटासाठीं शिकार करणाऱ्यास दोष न देतां, त्याच्या भुकेची भरपाई करून पिल्लूं वांचवावयाचें, ही रीत पुढें कायम झाली, आणि अस्वल, बिबळ्या, हरिण, साळिंदर अशा पोरक्या पिल्लांचें एक अनाथालयच तेथें उभें राहिलें. मेलेल्या आईस बिलगलेलें तें पिल्लूं दुधासाठीं बिलगलें होतें असें म्हणावें, तर दूध तेथें उरलें नव्हतें. तें बिलगलें होतें आईस. पोरक्या जिवास अन्नाइतकीच ऊब लागते, ही गोष्ट प्रयोगशाळांस पन्नास वर्षांनीं उमगली. त्या अरण्यवाटेवर ती एका दृष्टीक्षेपांत दिसली.

संस्कृतांतील पालन म्हणजे रक्षण. मराठींत त्याचें पाळणें झालें, आणि त्याच कुळांतून आपला पाळणाही आला. आपण वचन पाळतों, व्रत पाळतों, आणि जनावरही पाळतों. तिन्हीं ठिकाणीं अर्थ एकच: स्वीकारलेलें पुरतेपणीं निभावणें. व्रतांतलें सोयीचें तेवढें ठेवून उरलेलें सोडून दिलें तर तें व्रत होत नाहीं. उंदराचा रंग, त्याच्या चपळ मिशा, त्याच्या गमती हें सर्व आपण घ्यावें आणि त्याचा स्वभाव मात्र दुकानांत ठेवून यावा, याला पाळणें म्हणतां येणार नाहीं.

म्हणून ज्या घरांत मुलानें उंदराचा हट्ट धरला असेल, तेथील आईबापांस आम्ही इतकेंच सुचवितों. आणावयाचे तर एका विणींतल्या दोन बहिणी आणाव्या. माद्याच आहेत याची जाणत्याकडून खात्री करून घ्यावी. पेटी ऐसपैस असावी, तिच्यांत घरट्यासाठीं कागद व गवत भरपूर असावें. एकटा नर घरांत आलाच असेल तर त्यावर दुसरा नर लादूं नये. त्यास घरट्याचें साहित्य दुप्पट द्यावें, आणि तो आपली रात्र आपल्यावांचून काढतो हें विसरूं नये. आणि इतकें करणें जमत नसेल, तर मुलास स्पष्ट सांगावें, कीं आपल्यास उंदीर पाळणें परवडत नाहीं. परवडणें हा शब्द पैशापुरता नाहीं, हें मुलास त्यामुळें लवकर कळेल. आणि ज्या मुलानें तो एकटा कसा राहील असें स्वतःहून विचारलें, त्यास तें समजावयास फार वेळ लागणार नाहीं.